शेपटीतले लाल ठिपके म्हणजे मेटास्टॅसिस का?

प्रश्न थोडक्यात असा: ४८ तासांच्या झेब्राफिश (प्रयोगशाळेत वापरला जाणारा छोटा मासा) भ्रूणांत डायआय या लाल चमकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या, एमडीए-एमबी-२३१ या मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी टोचल्या. दुसऱ्याच दिवशी शेपटीत लाल ठिपके दिसले. हा मेटास्टॅसिस, म्हणजे कर्करोगाचे मूळ गाठीतून दुसरीकडे पसरणे, मानायचा का? आणि तिसऱ्या दिवसापर्यंत निम्मे मासे का मरतात?

आधी ठिपके. टोचल्यावर तास-दोन तासांत प्रत्येक मासा फ्लुरोसन्सखाली (रंग चमकून दिसणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) तपासला नसेल, तर मेटास्टॅसिसचा दावा करू नका. पेशी जिथे टोचतात ती पेरिव्हिटेलाइन जागा (बलक आणि त्यावरचे आवरण यांमधली फट) अगदी अरुंद असते. सुई जरा खोल गेली की पेशी बलकात पडतात किंवा बलकावरून जाणाऱ्या मोठ्या शिरेत शिरतात आणि काही मिनिटांत रक्ताबरोबर शेपटीत पोचतात. या पेशींनी गाठ सोडून शिरेची भिंत ओलांडलेली नसते, सुईनेच त्यांना आत सोडलेले असते. असे मासे त्याच दिवशी वेगळे काढा, आणि किती काढले तो आकडा वहीत लिहा. हा आकडा लपवलेले निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा येत नाहीत.

दुसरी फसगत डायआयची. पेशी मेली तरी रंग उरतो. मॅक्रोफेज या माशाच्या भक्षक रोगप्रतिकारक पेशी ते अवशेष गिळतात आणि लाल दिसत अंगभर फिरतात. म्हणून शेवटच्या दिवशी काही मासे फिक्स करून (रसायनाने ऊती जशाच्या तशा टिकवून) मानवी पेशीच ओळखणारी अँटिबॉडी लावा. सोबत सक्रिय कॅस्पेस-३ चे (मरणाऱ्या पेशीत जागे होणाऱ्या विकराचे) स्टेनिंग केलेत तर गाठीत जिवंत किती आणि मरणाऱ्या किती, तेही कळेल.

आता मरतुक. बहुतेक वेळा दोष टोचलेल्या थेंबाच्या आकारमानाचा असतो. पेशी मायक्रोलिटरला सुमारे १ लाख ठेवा, म्हणजे ५ नॅनोलिटरमध्ये ५०० येतात. थेंब मिनरल तेलात सोडून मायक्रोमीटरवर मोजा: ०.२१ मिमी व्यासाचा थेंब म्हणजे साधारण ५ नॅनोलिटर. सुई अडकली की दाब वाढवायचा मोह होतो, आणि मग अडकलेला पेशींचा गोळा एकदम सुटून भ्रूण फाटतो. त्यापेक्षा सुई बदला. टोकाचे छिद्र १५ ते २० मायक्रॉन हवे, आणि पेशी गाळणीतून गाळूनच भरा. पेशी तळाशी बसतात, त्यामुळे पहिल्या माशाला दाट आणि विसाव्याला पातळ मिश्रण मिळते. अधूनमधून हलक्या हाताने मिसळून सुई पुन्हा भरा. ट्रायपॅन ब्लूमध्ये (मेलेल्या पेशींना निळे करणाऱ्या रंगात) ९० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत दिसल्या, तर त्या दिवशी टोचूच नका.

माशाला भूल देणारे ट्रायकेन लिटरला सुमारे १६० मिलिग्रॅम पुरते, पण त्याचे द्रावण आम्लधर्मी असते. पीएच ७ वर आणल्याशिवाय वापरू नका.

तापमान ही तडजोड आहे. माशाला २८.५ अंश मानवते, मानवी पेशीला ३७. टोचल्यावर तासभर २८.५ ला सावरू द्या, मग ३४ वर ठेवा. ३४ ला मासा वेगाने वाढतो, त्यामुळे न टोचलेले मासेही त्याच तापमानाला ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. औषध तपासणार असाल तर त्याची सहनमर्यादाही ३४ लाच काढा, २८.५ ला सुरक्षित वाटलेली मात्रा इथे घातक ठरू शकते.

मासा पारदर्शक राहावा म्हणून त्वचेचा रंग तयार होऊ न देणारे पीटीयू हे रसायन (०.००३ टक्के) भ्रूण २४ तासांचा होण्याच्या आत सुरू करावे लागते, एकदा तयार झालेला रंग त्याने जात नाही. शिवाय ते थायरॉइडवर परिणाम करते. मिळत असेल तर कॅस्पर हा रंगहीन वाण घ्या. तो जास्त स्वच्छ पर्याय आहे.

मानवी पेशी या वयात टिकतात, कारण परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या माशाच्या टी आणि बी पेशी पक्व व्हायला काही आठवडे लागतात. मात्र मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल (आणखी एक प्रकारच्या भक्षक पेशी) आधीपासून कामाला लागलेले असतात, आणि काही सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवलेले पेशींचे वाण) त्यांच्यामुळेच दोन दिवसांत नाहीशा होतात. गाठ आटली तर औषधाचा गुण म्हणण्याआधी डीएमएसओच्या गटात (औषधाविना नुसता द्रावक दिलेल्या माशांत) ती किती आटली ते पाहा. त्यासाठी प्रत्येक मासा प्लेटच्या वेगळ्या कप्प्यात (वेलमध्ये) ठेवा आणि त्याच माशाचे पहिल्या व चौथ्या दिवसाचे फोटो एकाच एक्स्पोजरवर घ्या.