लय कुणाच्या हातात?

प्रश्न : मी उदगीरचा. बँकेतून निवृत्त झालो, आता गाणं ऐकणं हाच उद्योग. गेल्या दिवाळीत आरएमईचा एडीआय-२ डॅक एफएस घेतला, म्हणजे गाण्याच्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी पेटी. साडेआठशे सीड्या फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता लहान केलेल्या फायलींत) उतरवून झाल्यात. शिवाय पूर्वी परभणी आकाशवाणीवरून कॅसेटवर धरून ठेवलेल्या काही मैफली आहेत. सध्या लॅपटॉप यूएसबीने डॅकला जोडून ऐकतो. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज आणि चार्जर लावला की स्पीकरमधून येणारी बारीक गुणगुण, दोन्हींचा वैताग आलाय. स्ट्रीमर, म्हणजे फायली वाचून डॅकला पाठवणारी पेटी, घ्यायचा म्हणून पुण्याला चौकशी केली, तर दुकानदारानं पावणेदोन लाखांचा सुचवला. म्हणाला, 'त्याशिवाय तुमचा डॅक खुलणार नाही.' मुलगा म्हणतो, रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक घ्या, थोडक्यात भागेल. घर आजोबांच्या वेळचं, माळवदाचं. राउटर ढाळजेत आणि गाण्याची खोली पार आत. काय घेऊ?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : साहेब, आधी तुमच्या गुणगुणीकडे बघू, कारण तुमचे पैसे तिथंच वाचणार आहेत. चार्जर लावला की येते आणि काढला की जाते, असंच ना? मग त्यात लॅपटॉपच्या 'साउंड क्वालिटी'चा काही संबंध नाही. यूएसबीच्या केबलमधून गाण्याच्या आकड्यांसोबत ग्राउंडची तारही डॅकपर्यंत जाते. चार्जरमधून झिरपणारा करंट त्याच वाटेनं डॅकमध्ये आणि तिथून ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. पावणेदोन लाखांचा स्ट्रीमर आणून तोही यूएसबीनं जोडला, तरी घरचं अर्थिंग धड नसेल तर गुणगुण पुन्हा हजर होऊ शकते.

तुमच्या अंगणात मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असेल. त्यात शेवटचं पाणी कधी ओतलं होतं? आपली काळी जमीन फाल्गुन-चैत्रात भेगाळते, पट्टीपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. माझ्याकडे लातूरला एका उन्हाळ्यात ॲम्प्लिफायरच्या पेटीवरून हाताची मागची बाजू फिरवली की मुंग्या यायच्या. मी आठवडाभर केबली बदलत बसलो. शेवटी वायरमननं खड्ड्याचं झाकण उघडलं तर आत नुसता भुगा. चार बादल्या पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत मुंग्या बंद. तेव्हा आधी खड्डा भिजवा आणि वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या. एक मात्र करू नका. गुणगुण जावी म्हणून काही लोक प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. गाणं स्वच्छ होतं खरं, पण पेटीत कधी फेज उतरला तर ऐकायला माणूस राहत नाही.

आता ते 'खुलणं'. सीडीवरचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली नोंद, प्रत्येक नोंद १६ बिटांची, डाव्या-उजव्या बाजूची वेगवेगळी. ही आकड्यांची रास जशीच्या तशी पोचवणं एवढंच स्ट्रीमरचं काम. त्यात तो स्वतःचं काही गोड करू शकत नाही, आणि केलं तर ती खोड समजायची. फरक पडला तर दोनच ठिकाणी पडतो. आकडे कोणत्या लयीत जातात आणि त्यांच्यासोबत विजेची घाण किती जाते.

कोॲक्सियल (तांब्याच्या) किंवा ऑप्टिकल (उजेडाच्या) केबलनं जोडलं तर लय स्ट्रीमरच्या हातात. सिग्नलमध्येच ठेका मिसळलेला असतो, तो ओळखून डॅकनं त्याच्यामागं जायचं, जसा पेटीवाला गवयाच्या मागं जातो. ठेका थरथरला तर त्याला जिटर म्हणतात. यूएसबीत बरोबर उलटं. तुमचा डॅक असिंक्रोनस पद्धतीनं चालतो. घड्याळ डॅकचं, आणि समोरच्याला तोच सांगतो की आता जरा जास्त पाठव, आता जरा कमी. लय डॅकच्या हातात असल्यावर पाठवणाऱ्याची पेटी किती लाखांची, याला अर्थ राहत नाही. शिवाय तुमच्या डॅकमध्ये स्टेडीक्लॉक नावाची सोय आहे. ती कोॲक्सियल-ऑप्टिकलवरून आलेला थरथराटही निवळून घेते. दुकानदाराचं वाक्य जुन्या काळच्या डॅकना बऱ्यापैकी लागू पडायचं. तुमच्या डॅकला नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तुमच्याकडे तपासायचं हत्यार आहे. आरएमईच्या वेबसाइटवरून बिट टेस्टच्या वेव्ह फायली उतरवून घ्या. स्ट्रीमरवरून त्या वाजवल्या आणि एकही बिट बदलला नसेल तर डॅकच्या पडद्यावर 'पास' येतं. कुठं आवाज कमी केलेला असेल, इक्वलायझर चालू असेल किंवा ४४.१ चं ४८ किलोहर्ट्झ होत असेल, तर येत नाही. टीव्हीला लावायच्या ॲन्ड्रॉइड पेट्या इथं हमखास नापास होतात. स्ट्रीमरचा आवाज शंभरावर कायम ठेवा, कमी-जास्त डॅकवरून करा. स्वस्त पेटी पास झाली, तर महागडीनं आणखी वेगळं काय पोचवायचं?

कानांचं म्हणाल तर माझेच कान एकदा मला तोंडघशी पाडून गेले. एका मित्राकडे आम्ही लॅपटॉप आणि भारी स्ट्रीमर आलटून-पालटून ऐकत होतो. तो डॅकचा इनपुट बदलायचा, मी डोळे मिटून शेरे मारायचो. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, 'हां, आता तानपुऱ्याची जवारी दिसायला लागली.' तो म्हणाला, 'मी बदललंच नाही अजून, चष्मा शोधतोय.' तेव्हापासून आवाजाची पातळी काटेकोर सारखी केल्याशिवाय आणि दुसऱ्याच्या हाती बटण दिल्याशिवाय मी शेरा मारत नाही. जरासा मोठा आवाजही आपल्याला लगेच 'खुललेला' वाटतो.

पावणेदोन लाखांत जाड ॲल्युमिनियमची पेटी मिळते, समोर सुबक पडदा मिळतो, ॲप बहुधा चांगलं असतं. त्याची हौस असेल तर खुशाल घ्या, हौसेला मोल नसतं. फक्त डॅक खुलतो म्हणून घेऊ नका.

मग घ्यायचं काय? तुम्हाला उलट प्रश्न विचारतो, मुलगा उदगीरला राहतो का? रास्पबेरी पाय ४ वर मूड किंवा व्होल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर चढवलं की उत्तम स्ट्रीमर होतो, हार्ड डिस्क त्यालाच लावता येते, डॅकही यूएसबीनं जोडता येतो. पण त्याला ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा स्वतःचा अडॅप्टर लागतो. ड्रॉवरमधला जुना मोबाइल चार्जर लावला की भर द्रुतात अडकतो. दुसरं, लाइट धाडकन गेली की त्याचं एसडी कार्ड बिघडू शकतं, आणि आपल्याकडे लाइट काही सांगून जात नाही. मुलगा हाताशी असेल तर पाय घ्या आणि कार्डाची एक नक्कल करून ठेवा. तो परगावी असेल तर रात्री दहाला फोनवरून लिनक्सच्या आज्ञा टाइप करायची तयारी आहे का, ते बघा.

तयारी नसेल तर विम प्रोसारखा छोटा तयार स्ट्रीमर घ्या. त्याला यूएसबीचं ऑडिओ आउटपुट नाही, पण कोॲक्सियल आणि ऑप्टिकल आहेत, २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. तुमच्यासाठी मी ऑप्टिकलच म्हणेन. त्या केबलमधून फक्त उजेड जातो, तांब्याचा संबंध नाही, त्यामुळं स्ट्रीमरच्या अडॅप्टरकडून डॅककडे जाणारी गुणगुणीची वाटच बंद. साडेआठशे सीड्यांना ऑप्टिकल भरपूर झालं. कॅसेटी कुणी तुम्हाला १९२ मध्ये उतरवून दिल्या असतील तर त्यातली कॅसेटची खरखर तेवढी फार इमानदारीनं ऐकू येईल. लॅपटॉप फेकू नका. तो ढाळजेत राउटरशेजारी ठेवा, हार्ड डिस्क त्याला जोडा आणि त्यावर डीएलएनए सर्व्हर (नेटवर्कवरून स्ट्रीमरला फायली पुरवणारा प्रोग्राम) चालवा. पंखा तिकडं घुमू दे.

राहिलं तुमचं घर. दोन-अडीच फुटी दगडी भिंतींतून वायफायचा जीव जातो. सीडीच्या गाण्याला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात, १९२ च्या फायलीला सव्वानऊच्या आसपास. आकडा मोठा नाही, पण तुमच्या आतल्या खोलीत तेवढंही सलग पोचेलच असं नाही. साधी कॅट-६ केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत चिंता नाही. बाहेरून धातूचं वेष्टण नसलेली घ्या. इथरनेटच्या पोर्टात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते राउटरची वीज अलीकडे येऊ देत नाहीत. वेष्टणवाली केबल दोन्हीकडे धातूच्या प्लगानं जोडली तर ती सोय वाया जाते. आणि केबल पीव्हीसी पाइपातूनच न्या. माळवदाच्या किलचनात उंदीर राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पैसे देण्याआधी दुकानात दोन गोष्टी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून किंवा त्यांच्या नेटवर्कवरून वाजवून बघा. एक, अशी सीडी उतरवून न्या की विलंबित एका ट्रॅकवर संपतो आणि न थांबता द्रुत दुसऱ्यावर सुरू होतो. मध्ये क्षणभर जरी आवाज तुटला तर तो स्ट्रीमर खयाल ऐकणाऱ्याच्या कामाचा नाही, किंमत काहीही असो. हा दोष बहुतेक वेळा ॲपच्या एका सेटिंगमधला असतो, दुकानदाराला ते शोधायला लावा. दोन, देवनागरीत लिहिलेली नावं ॲपमध्ये नीट दिसतात का आणि 'मारवा' टाइप केलं तर सापडतात का. बऱ्याच ॲपना रागाचा रकाना माहीतच नसतो. मी राग 'जॉनर'च्या रकान्यात भरतो, म्हणजे एका टिचकीत घरातले सगळे मारवे समोर येतात. साडेआठशे सीड्यांसाठी हे काम महिनाभराचं आहे, पण निवृत्त झालात ना.

प्रश्न : डीएसडी फायली लावल्या की गाण्याऐवजी पत्र्यावर धो धो पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. बाकी सगळं ठीक वाजतं. डॅक बिघडला का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : डॅक ठणठणीत आहे. डीएसडी ही गाणं एकेका बिटात साठवायची वेगळी पद्धत. तिचे बिट पीसीएमच्या, म्हणजे सीडीसारख्या आकड्यांच्या, पाकिटात घालून पाठवतात, त्याला डीओपी म्हणतात. पाकिटावर खूण असते, ती वाचून डॅक ओळखतो की आत डीएसडी आहे. तुमच्या स्ट्रीमरनं आवाज जरा जरी कमी केला तरी खूण पुसली जाते आणि डॅक ते पीसीएम समजून वाजवतो. आवाज शंभरावर ठेवा, इक्वलायझर बंद करा. तरी पाऊस थांबला नाही तर स्ट्रीमरला डीएसडीचं पीसीएम करूनच पाठवायला सांगा. आणि तोवर ॲम्प्लिफायर लहान आवाजात ठेवा, ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) जातील.

प्रश्न : स्ट्रीमरसाठी मीटरला बारा हजारांची नेटवर्क केबल घ्यावी का? दुसरं, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर भणभणतो.
— एक वाचक, बीड

उत्तर : नको. नेटवर्कवर बिघडलेलं पाकीट ओळखून ते पुन्हा मागवलं जातं, आणि गाणं वाजायच्या आधी काही सेकंदांचा साठा स्ट्रीमरकडे असतो. बारा हजारांची केबल त्यात भर घालत नाही. तुमचा इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असणार, त्यावर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर असाच भणभणतो. पंख्याचीही घरघर वाढत असेल तर खात्रीच समजा. केबलचे पैसे प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरला घाला. बॅटरी आहे तीच चालेल, फक्त नव्याला ती किती व्होल्टची लागते ते बघून घ्या.