रॅकला वीज देण्यापूर्वी
पणजीत नेटवर्क उपकरणांचा पहिलाच रॅक (उपकरणे बसवायची उभी चौकट) उभारताना तुम्ही नेटवर्क स्विचपासून (उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रापासून) सुरुवात करणार असाल, तर थोडे थांबा, आधी अर्थिंग. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर विजांचा कडकडाट असतो, म्हणून रॅकची चौकट हिरव्या-पिवळ्या तारेने अर्थबारला (अर्थिंगच्या तारा एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीला) जोडून ती जोडणी मीटरने तपासल्याखेरीज वीज देऊ नये. यूपीएस व बॅटऱ्या सर्वांत खाली ठेवाव्यात, नाहीतर रॅक कलंडू शकतो.

नवशिक्यांच्या चुका:
- फायबरच्या (प्रकाशातून डेटा नेणाऱ्या काचेच्या तंतूच्या) टोकात डोकावणे. ही सर्वांत घातक, कारण १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा लेसर दिसत नाही, तरी डोळ्याला इजा करू शकतो.
- उपकरणाचे दोन्ही पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावणे.
- पॅचकॉर्ड (उपकरणे जोडणारी छोटी फायबर केबल) घट्ट वळवणे. वळणाची साधारण ३० मिलिमीटर त्रिज्या राखा.

स्प्लायसिंग (फायबरची टोके एकमेकांना जोडणे) नंतर निवांत शिकता येईल, तुम्हाला ते नक्की जमेल.