अंगारा देव्हाऱ्यात ठेवा

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची. हृदय बदलायचं आहे, तोवर मुंबईच्या हॉस्पिटलात शरीराबाहेरच्या पंपावर आहे. पोटातून दोन नळ्या येतात. परवा एका नळीभोवती लाल झालं, ताप आला. औषधाआधी दोन ठिकाणांहून रक्त काढलं, एवढ्याशा पोरीचं! सासूबाई म्हणतात, कौपिनेश्वराचा अंगारा नळीपाशी लावा. काय करू?
– एक आई, कळवा

उत्तर : ताई, रक्त काढलं ते बरोबरच. अँटिबायोटिक आधी गेलं तर कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघायच्या तपासणीत, तो उगवेलच असं नाही, मग अंदाजाने औषधं चालवावी लागतात. दोन जागा अशासाठी, की कातडीवरचा जंतू एकाच बाटलीत निघाला तर तो सुईबरोबर आला असेल. दोन्हींत तोच निघाला तर मामला खरा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण त्यासाठी औषध थांबवून ठेवत नाहीत.

लहान मुलांच्या कार्डियाक आयसीयूत मी 27 वर्षं काढली. आता नौपाड्यात घरी असते. ड्रेसिंगची सगळ्यांना काळजी, नळी ओढली जाण्याची कुणालाच नाही. नळीवर मखमलीसारखं कापड असतं, त्यात मांस रुजतं आणि जंतूंची वाट बंद होते. हिसका बसला की तो जोड फाटतो. आमचा एक मुलगा खाली पडलेली खेळण्यातली मोटार उचलायला वाकला, इतकंच. तिसऱ्या दिवशी पू. तेव्हा खेळणी तिच्या हाताशी ठेवा, आणि कूस बदलताना एकाने फक्त नळ्याच धरायच्या.

जंतू एकदा नळीवर चिकट थर करून बसले, की औषध त्यांना दाबून ठेवतं, उपटून काढत नाही. म्हणून काही मुलांना हृदय मिळेपर्यंत औषध चालूच ठेवतात. शिवाय इन्फेक्शनमध्ये पंपात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. त्या दिसतात का, हे सिस्टर टॉर्च मारून पुन्हा पुन्हा बघतील, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण गुठळी मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून तोंड वाकडं वाटलं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर त्याच क्षणी हाक मारा. राउंडची वाट बघू नका.

अंगारा म्हणजे शेवटी राख, उघड्या जखमेपाशी नकोच. पण आजीला नुसतं नाही म्हणू नका. पुडी देव्हाऱ्यात ठेवायला सांगा, आणि भेटायला आल्या की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावा. सर्दी झालेला मामा मात्र दाराबाहेरच.