तुमचे प्रश्न : डेटाबेस अद्ययावत, ड्रायव्हर मात्र जुनाच

प्रश्न : सुरक्षा तपासणीच्या अहवालात आमच्या जावा अॅप्लिकेशनवर ‘सीव्हीई-२०२४-१५९७’ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा दोषाचा क्रमांक) असा लाल शेरा आला. पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर आम्ही आधीच अद्ययावत केला होता, तरी शेरा जात नाही. शिवाय आमच्याकडे सगळीकडे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवलेल्या क्वेऱ्या) वापरतात. मग एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे बाहेरून आलेल्या मूल्यातून डेटाबेसला हुकूम घुसवणं, होईलच कसं?

उत्तर : सर्व्हर कितीही नवा केला तरी हा शेरा हटणार नाही, कारण दोष सर्व्हरमध्ये नाहीच. तो पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत आहे, आणि तिची जार फाइल (जावाचा कोड बांधलेली फाइल) तुमच्या अॅप्लिकेशनच्या पोटात असते. फेब्रुवारी २०२४मध्ये दोष जाहीर झाला, तेव्हा त्याला गंभीरतेचे १० पैकी १० गुण दिले गेले. प्रत्यक्षात तो एकाच सेटिंगखाली उघडा पडतो, म्हणून गुण पाहून घाबरण्याआधी ते सेटिंग तपासा.

एरवी ड्रायव्हर ‘एक्स्टेंडेड’ पद्धतीने बोलतो : क्वेरीचा मजकूर वेगळा जातो, प्रश्नचिन्हांच्या जागची मूल्यं वेगळी जातात. सर्व्हर मूल्याला कधीच एसक्यूएल म्हणून वाचत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर आपण विसंबतो ते याच भरवशावर. पण कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ‘प्रिफरक्वेरीमोड=सिंपल’ लिहिलं की ड्रायव्हर स्वतःच मूल्यं मजकुरात चिकटवतो आणि सगळं एकत्र पाठवतो. तुमच्या कोडमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंटच दिसतं, तारेवरून मात्र साधा मजकूर जातो.

आता अशी क्वेरी घ्या : ‘व्हेअर फरक = -? अँड नाव = ?’. पहिल्या प्रश्नचिन्हाला उणे चिन्ह अगदी चिकटून आहे. तिथे कोणी -५ दिलं तर जुना ड्रायव्हर ‘--५’ असं लिहितो. दोन उणे चिन्हं म्हणजे एसक्यूएलमध्ये शेरा (कॉमेंट, सर्व्हर दुर्लक्ष करतो असा मजकूर) सुरू. त्या ओळीचा उरलेला भाग, नावाच्या मूल्याचं उघडणारं अवतरणचिन्ह धरून, शेऱ्यात बुडतो. नावाच्या मूल्यात सुरुवातीलाच नवी ओळ असेल तर त्यापुढचा मजकूर शेऱ्याबाहेर पडतो आणि सर्व्हर तो हुकूम म्हणून चालवतो. म्हणजे सिंपल मोड, आकड्याच्या प्रश्नचिन्हाला चिकटलेलं उणे चिन्ह आणि त्याच ओळीत पुढे मजकुराचं प्रश्नचिन्ह, अशा तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात, आणि दोन्ही मूल्यं बाहेरच्या माणसाच्या हातात असावी लागतात. दुरुस्त ड्रायव्हर प्रत्येक मूल्य अवतरणात आणि कंसात घालतो, त्यामुळे दोन उणे चिन्हं एकमेकांना भिडत नाहीत.

सेटिंग फक्त कनेक्शन स्ट्रिंगमध्ये शोधू नका. कनेक्शन पूलची (उघडी कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या यंत्रणेची) कॉन्फिगरेशन फाइल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि डेटासोर्स बांधणारा कोड, तिन्हीकडे पाहा. सिंपल सापडलं तर आजच हालचाल करा. कुठेच नसेल तर तुम्ही मूळच्या एक्स्टेंडेड मोडवर आहात आणि या दोषाची झळ तुम्हाला लागत नाही. ड्रायव्हर पुढच्या नेहमीच्या रिलीजबरोबर बदला. कोडमधल्या ‘-?’ शोधून मध्ये रिकामी जागा घालत बसणं मात्र आम्ही सुचवणार नाही. उद्या कोणीतरी नवी क्वेरी लिहील आणि ओआरएमने (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून क्वेऱ्या बनवणाऱ्या लायब्ररीने) आतल्या आत तयार केलेल्या क्वेऱ्या तर तुम्हाला दिसतही नाहीत.

दुरुस्ती ४२.७.२, ४२.६.१, ४२.५.५, ४२.४.४, ४२.३.९ आणि ४२.२.२८ या आवृत्त्यांत आली. जावा ८ किंवा पुढची असेल तर जुन्या मालिकेत रेंगाळायचं कारण नाही, थेट ४२.७ मालिकेतली ताजी आवृत्ती घ्या.

खरं काम ड्रायव्हरच्या प्रती शोधण्याचं. मेव्हन या बिल्ड साधनात डिपेंडन्सी ट्री (वापरलेल्या लायब्ररींची यादी) काढा, ग्रेडलमध्ये डिपेंडन्सी इनसाइट. स्प्रिंग बूट असेल तर ड्रायव्हरची आवृत्ती तेच ठरवतं, ‘पोस्टग्रेसक्यूएल.व्हर्जन’ ही प्रॉपर्टी देऊन ती बदलता येते. पण बिल्ड फाइल स्वच्छ आहे म्हणून चालू असलेला सर्व्हरही स्वच्छ, असं धरून चालू नका. टॉमकॅटमध्ये एक प्रत सामाईक लिब फोल्डरमध्ये आणि दुसरी अॅप्लिकेशनच्या वेब-इन्फ फोल्डरमध्ये असू शकते. नवी टाकली आणि जुनी तशीच राहिली तर कुठली उचलली जाईल याचा नेम नाही. कंटेनर इमेज, रिपोर्टिंगचं साधन, रात्री चालणारे डेटा हलवणारे जॉब, या जागा हमखास विसरल्या जातात.

यावर सर्व्हरच्या बाजूने एक तोडगा आहे. ‘पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी’ या व्ह्यूमध्ये अॅप्लिकेशनचं नाव आणि क्लायंटचा आयपी पत्ता दिसतो. कोणी वेगळं नाव दिलं नसेल तर हा ड्रायव्हर तिथे ‘पोस्टग्रेसक्यूएल जेडीबीसी ड्रायव्हर’ असंच लिहितो. रात्रीचे जॉबही पकडले जावेत म्हणून दिवसभर ठरावीक अंतराने ही यादी जपून ठेवा आणि मग एकेका पत्त्याचा माग काढा. आवृत्ती तिथे कळत नाही, ती जारमधल्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये वाचा. अॅप्लिकेशन सुरू होताना डेटाबेस मेटाडेटामधून ड्रायव्हरची आवृत्ती लॉगमध्ये छापण्याची सोय केली तर पुढच्या वेळी ही शोधाशोध वाचेल.

चालू जेव्हीएमखालची (जावा चालवणाऱ्या प्रोसेसखालची) जार फाइल जागेवर ओव्हरराइट करू नका. जुने क्लास मेमरीत तसेच राहतात, आणि न चढलेला एखादा क्लास बदललेल्या फाइलमधून वाचायला गेलं की भलतीच एरर येते, कधी प्रोसेसच कोसळते. प्रोसेस थांबवा, जुनी फाइल काढा, नवी ठेवा, सुरू करा.

प्रश्न : आमच्याकडे सिंपल मोड मुद्दाम ठेवला आहे. अॅप्लिकेशन आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन पूलिंगवर आहे, म्हणजे सर्व्हर कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं. सिंपल काढलं की ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट एस_१ अस्तित्वात नाही’ अशी एरर येते.

उत्तर : येणारच. एकच स्टेटमेंट ५ वेळा वापरलं गेलं की ड्रायव्हर त्याला सर्व्हरवर एस_१ अशा नावाने साठवतो. ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये तुमचा पुढचा ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच सर्व्हर कनेक्शनवर जाऊ शकतो, आणि तिथे हे नाव कोणाला माहीत नसतं.

ड्रायव्हर आधी बदला; दुरुस्त आवृत्तीवर सिंपल मोडमध्येही हे भोक बुजलेलं असतं. त्यानंतर सिंपलमधून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा म्हणजे ‘प्रिपेअरथ्रेशोल्ड=०’. यात नावाने साठवणं बंद होतं, पण मूल्यं वेगळी जाण्याची पद्धत कायम राहते. किंमत इतकीच, की प्रत्येक वेळी सर्व्हरला क्वेरी पुन्हा पार्स करावी लागते. दुसरा मार्ग पीजीबाउन्सर बदलण्याचा. १.२१पासून (ऑक्टोबर २०२३) तो ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्येही प्रिपेअर्ड स्टेटमेंट सांभाळतो, पण त्या आवृत्तीत ‘मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स’ मुळात ०, म्हणजे बंद असतं. ते १००-२०० ठेवा. शक्यतो १.२२ किंवा पुढची आवृत्ती घ्या, कारण ‘डिस्कार्ड ऑल’ आणि ‘डिअॅलोकेट ऑल’ नीट हाताळणं १.२२मध्ये आलं.

सिंपलमधून एक्स्टेंडेडवर जाताना वेगळीच अडचण येते, आणि पुष्कळ जण तिथून माघारी फिरतात. पूर्णांकाच्या रकान्यासाठी कोडमध्ये ‘सेटस्ट्रिंग’ वापरलेलं असतं. सिंपलमध्ये ते निभावून गेलं, कारण अवतरणातल्या ‘४२’चा प्रकार सर्व्हरने संदर्भावरून ओळखला. एक्स्टेंडेडमध्ये ड्रायव्हर ‘हा मजकूर आहे’ असं स्पष्ट सांगतो आणि सर्व्हर ‘इंटिजर = कॅरॅक्टर व्हेरिइंग असा ऑपरेटर नाही’ म्हणून क्वेरी परत पाठवतो. अशा जागी ‘सेटइंट’ करा. जागा फारच असतील तर ‘स्ट्रिंगटाइप=अनस्पेसिफाइड’ (म्हणजे ड्रायव्हर मूल्याचा प्रकार सांगत नाही) लावून तात्पुरतं निभवा, पण आधी चाचणीच्या सर्व्हरवर सगळ्या क्वेऱ्या एकदा चालवून घ्या.

प्रश्न : आम्ही पायथनवाले, सायकोपीजी२-बायनरी वापरतो. आम्हाला याची काळजी आहे का?

उत्तर : जावाच्या या दोषाची नाही. तुमच्याकडे पाहायचा तो सीव्हीई-२०२५-१०९४. सायकोपीजी२ ज्यावर चालतं त्या पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू या सी भाषेतल्या लायब्ररीतली अवतरणं लावणारी फंक्शन्स चुकीच्या एन्कोडिंगच्या बाइट्सपुढे फसत होती. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी पोस्टग्रेसच्या १७.३, १६.७, १५.११, १४.१६ आणि १३.१९मध्ये दुरुस्ती आली, पण तिनेच नवा बिघाड आणला : फंक्शनला दिलेली लांबी पाळली जात नव्हती. म्हणून आठवड्याने १७.४, १६.८, १५.१२, १४.१७ आणि १३.२० काढाव्या लागल्या. या दुसऱ्या यादीतली किंवा पुढची आवृत्ती हवी.

बायनरी पॅकेजची गोम अशी, की ते स्वतःची लिबपीक्यू सोबत घेऊन येतं. ऑपरेटिंग सिस्टिमचं पॅकेज बदललं तरी पायथन आपलीच जुनी प्रत वापरतो. सायकोपीजी२च्या एक्स्टेन्शन्स मॉड्यूलमधलं ‘लिबपीक्यू_व्हर्जन’ हे फंक्शन चालवा. १७०००४ आलं तर ती १७.४. आकडा कमी पडत असेल तर पॅकेजची नवी आवृत्ती घ्या किंवा सोर्समधून बांधून सिस्टिमच्या लिबपीक्यूला जोडा.

प्रश्न : जेडीबीसी ड्रायव्हर ४२.७.५वर नेला आहे. आता थांबलं तर चालेल?

उत्तर : कनेक्शनमध्ये ‘चॅनेलबाइंडिंग=रिक्वायर’ (लॉगिन त्याच एन्क्रिप्टेड कनेक्शनशी बांधण्याची सक्ती) लिहिलं असेल तर नाही. ४२.७.४ ते ४२.७.६ या आवृत्त्या हे सेटिंग असूनही, चॅनेल बाइंडिंग नसलेल्या एमडी५सारख्या पद्धतीने लॉगिन होऊ देत होत्या (सीव्हीई-२०२५-४९१४६). दुरुस्ती ४२.७.७मध्ये आहे. सेटिंग मूळच्या ‘प्रिफर’वर असेल तर हा दोष तुम्हाला लागू नाही, पण तेवढ्यासाठी ४२.७.५वर अडून राहण्यात अर्थ नाही. मधली आवृत्ती पुन्हा तपासून पुन्हा बसवण्यापेक्षा ४२.७.७ किंवा पुढची एकदाच बसवा.