तडा गेलेली जेडची बांगडी

प्रश्न : रंगूनहून आलेली, सासूबाईंनी दिलेली जेडची हिरवी बांगडी फरशीवर पडून तिला तडा गेला आहे. ती अस्सल आहे का आणि दुरुस्त होईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी बांगडीची पारख करून घ्यावी, कारण जेडच्या नावाखाली हिरवा ॲव्हेंच्युरीन (एक प्रकारचा क्वार्ट्झ दगड) किंवा काचही सर्रास विकली जाते. सराफाकडील काट्यावर बांगडीचे वजन आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून घ्यावे. हवेतील वजनाला दोन्हींमधील फरकाने भागल्यास, अस्सल जेडच्या दोन प्रकारांपैकी जेडाइटसाठी उत्तर 3.3 च्या आसपास, नेफ्राइटसाठी 3 च्या जवळपास आणि ॲव्हेंच्युरीनसाठी 2.65 च्या आसपास येते. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले, तर मात्र ती काच समजावी. रंग किंवा राळ भरली आहे का, हे रत्नपरीक्षण प्रयोगशाळाच सांगू शकते.

तडा बुजत नाही. बांगडी दुभंगली असल्यास तुकड्यांच्या टोकांवर सोन्याच्या टोप्या चढवून बिजागरीने जोडण्याची पद्धत जुनी असून, माझ्या मते गोंदापेक्षा तीच बरी. टोप्या-बिजागरीचा टाका (धातूचा जोड) जेडचे तुकडे बाजूला ठेवूनच मारायला सांगावा, कारण आचेने जेडला इजा होते. धुण्यासाठी कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. ध्वनिलहरींनी दागिने धुणारे अल्ट्रासॉनिक यंत्र टाळावे.