अथर्व ठेवायचं, आजोबांचं नाव ठेवायचं, की ‘झ’वरून शोधायचं?

“पत्रिकेत आलेल्या अक्षरावरून नाव नाही ठेवलं, तर बाळाला त्रास होतो का?”

बाळंतपणानंतर सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या आया हा प्रश्न हमखास विचारतात. त्याला जोडून आणखी दोन येतात. ‘आम्ही निवडलेलं नाव फार कॉमन झालंय का?’ आणि ‘सासूबाईंना घराण्यातलं नाव हवंय, काय करू?’ इथे ज्या घराबद्दल लिहिते आहे तिथे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहिले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

पिंपरी-चिंचवडमधलं जोडपं, दोघं नोकरी करणारे. मुलगा श्रावणात झाला. नक्षत्र उत्तराभाद्रपदा, चरण तिसरा, म्हणून गुरुजींनी अक्षर काढून दिलं ‘झ’. आईवडिलांनी ‘अथर्व’ हे नाव सातव्या महिन्यातच मनाशी पक्कं केलं होतं. आजींना, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या आईला, ‘मार्तंड’ हवं होतं. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजेच मार्तंड, आणि वर्षभरापूर्वी गेलेल्या आजोबांचंही नाव तेच. बाराव्या दिवसाचं बारसं सव्वा महिन्यावर गेलं आणि तिथूनही पुढे ढकललं गेलं.

“मी अथर्व म्हटलं की आई उठून आत जातात,” ती सांगत होती. “आणि रात्री बाळ रडायला लागलं की वाटतं, अक्षर टाळतोय म्हणून तर नाही ना?”

नवरा शेजारीच होता. “मला काय, दोन्ही नावं चालतील.”

त्याला आपण मध्यस्थ आहोत असं वाटत होतं. प्रत्यक्षात सासूला नाही म्हणण्याचं काम झोप पुरी न झालेल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईवर येऊन पडलं होतं. म्हणून पहिल्या भेटीत नावाची चर्चा केलीच नाही. एकच गोष्ट ठरवली: आईशी नावाबद्दल जे बोलायचं ते मुलाने बोलायचं, सुनेने नाही. ज्या घरांत हा वाद महिनोन्‌महिने चालतो, तिथे बहुतेकदा निरोप उलट्या वाटेने जात असतात. मुलगा बायकोला सांगतो, बायको सासूला.

आता अक्षराबद्दल. आकाशाचे 27 भाग म्हणजे 27 नक्षत्रं, प्रत्येकी 13 अंश 20 कला. प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकूण 108. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात. जन्मवेळी तो ज्या चरणात असेल त्या चरणाला नेमून दिलेलं अक्षर बाळाला मिळतं. उत्तराभाद्रपदेची अक्षरं आहेत दू, थ, झ आणि ञ. आर्द्रेचा तिसरा चरण ‘ङ’ आहे, हस्ताचा तिसरा ‘ण’. ञ, ङ, ण या अक्षरांनी सुरू होणारं नाव आपल्या ओळखीत कुणाचंही नसतं. कोष्टक रोजच्या हाकेसाठी केलेलं असतं, तर त्यात अशी अक्षरं ठेवलीच नसती.

“तुमचं बाळ काही तास उशिरा आलं असतं तर ‘ञ’ मिळालं असतं. मग काय ठेवलं असतं?” असं विचारल्यावर ती त्या भेटीत पहिल्यांदा हसली.

भीती हसण्याने जात नाही, हेही खरं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ‘हे सगळं थोतांड आहे’ असं सांगून काही साधत नाही. ते मान डोलावतात आणि रात्री पुन्हा घाबरतात. श्रद्धेच्या आतच जागा शोधावी लागते, आणि इथे ती भरपूर आहे. घरातल्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात एक ‘अभिवादनीय’, म्हणजे वंदन करताना घ्यायचं, नाव सांगितलं आहे, जे मुंज होईपर्यंत फक्त आईवडिलांना माहीत असावं. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्याय यांच्या ‘धर्मसिंधु’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथात (1790) तर बाळाची नावं चार प्रकारची दिली आहेत: देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. अनेक घरांत अजूनही बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ही नावं लिहितात. म्हणजे पत्रिकेतल्या अक्षराला ताटात स्वतःची ओळ आहे. शाळेच्या हजेरीपटावर यायचं ते चौथं नाव, आणि त्यावर अक्षराचं बंधन नाही.

हे तिला पटलं. तो मात्र म्हणाला, “आईला ताटातली ओळ नकोय. तिला दाखल्यावर मार्तंड हवंय.”

म्हणून पुढच्या भेटीला आजींना बोलावलं. माझा कल मुळातच घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवण्याकडे आहे. एकट्या सुनेशी बोलून सासूबद्दलचे अंदाज वाढतात, खरी सासू त्यात सापडत नाही. आजी आल्या त्या तयारीनेच आल्या होत्या. कुलाचार, जेजुरीचा नवस, जावेच्या नातवाचं नाव कसं घराण्यातलंच ठेवलंय, सगळं सांगून झालं. ऐकून घेतलं. मग विचारलं:

“आजी, समजा नाव मार्तंड ठेवलं. तो आता रांगत दाराकडे निघालाय. त्याला हाक मारा बघू.”

आजींनी तोंड उघडलं आणि थांबल्या. सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

“मी कशी हाक मारणार त्या नावानं? उभ्या जन्मात उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही मी त्यांचं.”

“मग काय म्हणाल त्याला?”

“आबा म्हणीन. ह्यांना सगळे आबाच म्हणायचे.” थोड्या वेळाने, कुणीही काही न विचारता त्या पुढे बोलल्या. “घरात आता ते नाव उरलंच नाही कुठे. सातबाऱ्यावरनं काढलं, रेशन कार्डावरनं काढलं. परवा लाइटचं बिल आलं, तेही ह्याच्या नावावर.”

मुलगा गप्प झाला. वडील गेल्यावर सगळी कागदपत्रं त्यानेच धावपळ करून नीट केली होती, आणि आईला त्याचं कौतुक असेल असं तो धरून चालला होता. एकेका कागदावरून नाव कमी होताना ती काय बघत होती, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सून उठून आजींच्या शेजारी जाऊन बसली.

या क्षणाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण असे क्षण आपोआप येत नाहीत. ‘कोणतं नाव हवं?’ असा प्रश्न केला की माणूस आपली बाजू मांडतो. ‘हाक कशी माराल?’ असं विचारलं की त्याला ते नाव जिभेवर घ्यावं लागतं, आणि मागणीच्या खाली काय आहे ते वर येतं. हा प्रश्न नावाच्या वादात मी नेहमी ठेवते आणि तो क्वचितच वाया जातो. आजींना नातवाला मार्तंड म्हणायचंच नव्हतं. त्या घरातलं ते नाव पुसलं जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते पुरं करायचे मार्ग अनेक होते.

घरी बसून त्यांनीच ठरवलं. ताटात चार ओळी: देवतानाम मार्तंड, मासनाम वासुदेव, कारण मार्गशीर्षापासून मोजण्याच्या प्रचलित क्रमात श्रावणाचं नाव ते येतं, नक्षत्रनाम झंकार, आणि व्यावहारिक नाम अथर्व. आत्याने ‘कुर्र’ करून चारही नावं कानात सांगितली. दाराबाहेर आजोबांच्या नावाची पाटी लागली. आजी नातवाला आबा म्हणतात. यात नवल काहीच नाही. लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव होतं, आणि आपण सगळे त्यांना बाळ गंगाधर म्हणूनच ओळखतो.

राहिला ‘अथर्व’चा प्रश्न. हे गणपतीचं नाव आहे असं बहुतेक आईवडील सांगतात. तसं ते नाही. गणपत्यथर्वशीर्षात गणपतीला एकदंत, लंबोदर, विघ्ननाशी, शिवसुत, वरदमूर्ती अशी नावं येतात, त्यांत अथर्व नाही. अथर्वशीर्षं देवी, शिव, सूर्य आणि नारायणाचीही आहेत. अथर्वा हा अग्नीशी जोडलेला वैदिक ऋषी, त्याच्या नावाने चौथा वेद ओळखला जातो. ‘थर्व’ म्हणजे हलणे, म्हणून अथर्व म्हणजे न ढळणारा, ही परंपरेने दिलेली फोड. गणपतीची आठवण म्हणून हे नाव ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त मुलाने विचारलं तर सांगायची माहिती खरी असावी. नावांच्या याद्यांवर विसंबू नका. ‘आरव’ म्हणजे शांत असं जागोजागी छापलेलं असतं, आणि संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश उघडून शब्द बघायला पाच मिनिटं लागतात. शब्द सापडला नाही तर तो नव्याने घडवलेला आहे असं समजावं. तो ठेवता येतो, पण त्याला वेदांचा आधार आहे असं सांगू नये.

नाव फार कॉमन आहे का, हे कसं कळणार? अमेरिका-ब्रिटनसारखी सरकारी यादी आपल्याकडे दरवर्षी निघत नाही. ‘यंदाची टॉप नावं’ म्हणून जे फिरतं ते त्या त्या ॲपच्या वापरकर्त्यांपुरतं असतं. त्यापेक्षा मूल ज्या बालवाडीत जाईल तिथे विचारा, सोसायटीच्या बागेत संध्याकाळी उभं राहून हाका ऐका. अथर्व मराठी घरांत चांगलाच रुजलेला आहे, वर्गात दुसरा निघू शकतो. मग आडनाव बघा: पाटील, जाधव, कुलकर्णी, शिंदे असेल तर पूर्ण नावही जुळण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. आईच्या नावामुळे दोन अथर्व वेगळे ओळखणं सोपं झालंय.

आणि नाव नोंदवायची घाईही नको. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण नावाचा रकाना त्या वेळी कोरा ठेवता येतो. 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र घातलेलं नाव पूर्ण बदलणं फार त्रासाचं असतं, आणि 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून रुसवेफुगवे चालू असताना, कुणाला तरी हरवायला म्हणून नाव नोंदवू नका. इंग्रजी स्पेलिंग आधी कागदावर लिहून दोघांनी वाचा. ‘अथर्व’च्या शेवटी ‘ए’ आहे की नाही, ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, हे एकदा ठरलं की दाखला, आधार, लसीकरण कार्ड, सगळीकडे तेच. एका अक्षराच्या फरकाने पुढे दहावीच्या फॉर्मपर्यंत चकरा माराव्या लागतात.

निवडलेलं नाव निदान पंधरा दिवस घरात वापरून बघावं. स्वयंपाकघरातून हाक मारून, आडनावासकट, आणि घरातले लाडाने त्याचं काय करतात ते ऐकून. अथर्वचं ‘अथू’ होतंच, ते चालणार आहे का बघा. परदेशात राहणाऱ्यांनी शेजाऱ्याकडून एकदा वाचून घ्यावं. ‘र्व’ बऱ्याच जणांना जड जातो.

आणि ज्यांचं बारसं होऊन गेलंय, दाखला हातात आहे, आणि आता कुणीतरी म्हणतंय की अक्षर चुकलं, त्यांनी दाखल्याला हात लावू नये. मन मानत नसेल तर चांगला दिवस बघून घरातल्या घरात त्या अक्षराचं नक्षत्रनाम बाळाच्या कानात सांगावं. आत्या गावाला असेल तर फोन कानाशी धरला तरी चालतं.