चौथाई स्टेडियम घे

प्रिय मित्रा,

क्वांटम केऑस संगणकावर तपासायला स्टेडियम बिलियर्ड (दोन समांतर सरळ बाजू आणि टोकांना अर्धवर्तुळं अशा आकाराचं टेबल) निवडलंस, छान. त्यात अभिजात (न्यूटनच्या) नियमांनी फिरणारा चेंडू पूर्णपणे केऑटिक असतो, म्हणजे सुरुवातीचा किंचित फरकही झपाट्यानं वाढतो, हे गणितज्ञ बुनिमोविचनं सिद्ध केलेलं आहे. क्वांटम कणाचं श्रोडिंगरचं समीकरण मात्र रेषीय, तिथं असा फरक वाढत नाही, त्यामुळे केऑसची खूण ऊर्जास्तरांमधल्या अंतरांत शोधायची. बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांचा १९८४चा कयास असा, की केऑटिक प्रणालीचे स्तर यादृच्छिक मॅट्रिक्सच्या (जिच्यातले आकडे नशिबावर निवडलेत अशा मॅट्रिक्सच्या) स्तरांसारखे एकमेकांना दूर ढकलतात.

पूर्ण स्टेडियम घेऊ नकोस. त्याला दोन सममिती-अक्ष आहेत. चार वर्गांचे स्तर मिसळले की, वेगवेगळ्या वर्गांतले स्तर एकमेकांना ढकलत नसल्यानं, अंतरांचा आलेख प्वासाँकडे, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या स्तरांच्या वितरणाकडे, झुकतो.

म्हणून दोन्ही अक्षांवर कापलेली चौथाई घे. तिच्यात त्रिज्या १ आणि सरळ बाजू १ धर. क्षेत्रफळ १.७८५, परिमिती ५.५७. क्षेत्रफळ आणि परिमितीवरून स्तरांची अंदाजे संख्या देणाऱ्या वाइलच्या सूत्रानुसार हजारावा स्तर तरंगसंख्या ८५.५च्या आसपास येतो, म्हणजे तरंगलांबी ०.०७३. एका तरंगलांबीत दहा बिंदू पुरतील असं वाटतं, पुरत नाहीत. जाळी ०.००७ची ठेवली, तरी नेहमीच्या पाच-बिंदू सूत्राची (जाळीतला एक बिंदू आणि त्याचे चार शेजारी वापरणाऱ्या) ऊर्जेतली चूक सरासरी १६० होते, आणि स्तरांमधलं सरासरी अंतर फक्त ७! शिवाय ही चूक उभ्या-आडव्या तरंगांना जास्त, तिरप्यांना कमी, त्यामुळे स्तरांचा क्रमही बिघडू शकतो. वक्र कडेच्या पायऱ्यांची भर वेगळीच. त्यापेक्षा सीमा-समाकल पद्धत वापर, तिच्यात समीकरण फक्त कडेवर सोडवायचं असतं: जाळीच्या छत्तीस हजार बिंदूंऐवजी कडेवरचे सुमारे ७६० बिंदू लागतील.

तिचा धोका म्हणजे अगदी जवळची जोडी एकच स्तर म्हणून मोजली जाणं. म्हणून मोजलेल्या संख्येतून वाइलची संख्या वजा करून आलेख काढ. तो शून्याभोवती डोलला पाहिजे. एकदा एकानं खाली जाऊन तिथंच राहिला, तर त्या जागी स्तर निसटलाय. ही तपासणी टाळलीस तर पुढचं सगळं वाया.

मग लागोपाठच्या दोन अंतरांपैकी लहान भागिले मोठं, याची सरासरी काढ. केऑटिकला ०.५३, प्वासाँला ०.३९. यात अनफोल्डिंगची (स्तरांमधलं सरासरी अंतर सगळीकडे १ करून घेण्याची) कटकट नाही, आणि हजार स्तरांत अनिश्चितता ०.०१च्या आसपास राहते.

सरासरी जुळूनही एकमेकांपासून दूरच्या स्तरांमधल्या संबंधांची आकडेवारी जुळली नाही, तर लगेच कोडला दोष देऊ नकोस. समांतर भिंतींमध्ये उड्या मारणाऱ्या कक्षा तो फरक पाडतात. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या, स्टेडियमच्याच आकाराच्या अतिवाहक मायक्रोवेव्ह पोकळीतही १९९२ मध्ये तो दिसला होता. आधी त्या कक्षांचा वाटा वजा कर, मग तुलना कर.